पाच घरं, तीन बोटं

"आधी ती करंगळी सोड," चाफळकर म्हणाले.

मी गिटारीवरून मान वर केली. पुण्यातल्या एका शाळेचा हॉल होता. सुट्टीचा दिवस, बाकं भिंतीकडेला सरकवलेली. समोर खुर्चीत ऑर्केस्ट्राचे मालक चाफळकर, एका बाजूला त्यांचा ढोलकीवाला, दुसऱ्या बाजूला सिंथेसायझर वाजवणारा एक केसाळ तरुण. त्यांचा लीड गिटारिस्ट आखातात नोकरीला गेला होता आणि त्याची जागा भरायची होती. ती मला हवी होती. तिच्यापायी मी नर्सिंगचा फॉर्म भरला नव्हता आणि आईशी सगळा उन्हाळा अबोला धरला होता.

"सोड म्हणजे?" मी विचारलं.

"अगं, तळव्यात कोंबून ठेवलीयेस ती. भाजलंय का? लागलंय काही?"

"नाही. ती अशीच ठेवायची असते."

केसाळ तरुण फिस्सकन हसला. ढोलकीवाल्या म्हाताऱ्याने मात्र पुढे वाकून माझा डावा हात नीट पाहिला.

"कुणी सांगितलं, बाळ?"

"पप्पांनी."

पप्पा म्हणजे याकोब आढाव. नगरला आमच्या वस्तीत त्यांना याकोबमास्तर म्हणत. मास्तर ते कुठल्याही शाळेत नव्हते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होते. तरुणपणी रात्री ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे आणि सकाळी तसेच पाळीवर जायचे. मी रांगत असताना त्या प्रेसने त्यांच्या डाव्या हाताची करंगळी मुळापासून नेली. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रार्थनेला उभे राहिले की उजव्या हाताखाली डावा झाकून ठेवत, बाहेर पडले की तो खिशात जाई. गिटार कपाटावर चढली ती मी सातवीत जाईपर्यंत खाली आली नाही.

ती खाली आली माझ्या हट्टापायी. संडे स्कूलमध्ये पेटीवर बोटं फिरवून फिरवून मी गाणी बसवायची ते पप्पांनी ऐकलं होतं. एका दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने सहा आडव्या रेघा ओढल्या, त्या तारा. उभ्या रेघा ओढल्या, ते गळ्यावरचे फ्रेट, सुरांचे कप्पे. मग त्यांवर ठिपके मांडले.

"भूप ठाऊक आहे ना? सा रे ग प ध. पाचच सूर. म आणि नी सुट्टीवर."

"हो."

"हे पाच सूर या गळ्यावर वरपासून खालपर्यंत सांडलेत. सगळे एकदम धरायला गेलीस तर एकही हाती लागायचा नाही. म्हणून त्यांची पाच घरं करायची. हे पहिलं घर. इथली ठिपक्यांची नक्षी पाठ झाली की दुसरं. पहिल्या घराची उजवी भिंत तीच दुसऱ्याची डावी. असं करत पाचव्यातून निघालीस की परत पहिलं, फक्त वरच्या मजल्यावर."

"आणि गाण्याची पट्टी बदलली तर?"

"घरं तीच. गल्ली बदलायची."

गुरू म्हणून पप्पांना तोड नव्हती. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं झाल्यावरही मी हे म्हणते. ते ओरडत नसत, चुकलं तर नुसतं बोट वर करत. पाच सुरांत तोच भूप 'ध'पासून सुरू केला की कसा उदास होतो, तिथे 'ध'लाच सा मानायचं, हे त्यांनी मला समजावलं नाही, वाजवून दाखवलं, आणि मी फरशीवर बसल्या बसल्या रडले. ती फरशी आई रोज पुसायची आणि पप्पा रोज नव्याने रेघा ओढायचे.

फक्त एक गोष्ट होती. पहिल्याच आठवड्यात माझी करंगळी सारखी तारांवर यायला लागली. पप्पांनी माझी शाळेची लाल रिबीन घेतली, करंगळी तळव्यात दुमडली आणि बांधून टाकली.

"हिला मोकळी ठेवलीस की ही तारांना शिवते आणि सूर खोटा करते. गिटारीत तीनच बोटांचं काम."

महिनाभराने रिबीन सुटली. करंगळी तोवर शहाणी झाली होती, आपण होऊन मुडपून बसायची. पप्पांच्या हाताशेजारी माझा हात धरला की दोन्ही हात एकसारखे दिसायचे. याचा मला अभिमान वाटायचा. वस्तीत दुसरं कुणी गिटार वाजवणारं नव्हतं, घरी टीव्ही नव्हता. बापाने सांगितलं ते मी बायबलातल्या वचनासारखं धरलं.

"बरं, असू दे," चाफळकर हॉलमध्ये म्हणाले. "ए मायनर घे. पाचही पोझिशन, चढत जा, उतरत ये. मी ताल देतो."

मी घेतली. ए मायनर म्हणजे तोच 'ध'पासूनचा भूप, पोझिशन म्हणजे पप्पांची घरं. चाफळकर मांडीवर थाप देत होते. पहिलं घर, दुसरं, तिसरं. माझा हात लहान आहे, पण इतका सराव होता की उडी कुठे मारली ते कळू नये. ढोलकीवाल्याने मान डोलावली. केसाळ तरुणाचं हसू गेलं.

"छान. आता दुप्पट."

दुप्पट लयीत मी पहिल्या घरातच अडखळले. पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर, पुढचा सूर आठव्यावर. तिथे माझं तिसरं बोट पोचायचं नाही, म्हणून मी सगळा पंजाच उचलून पुढे टाकायची आणि परत मागे आणायची. एरवी ते खपून जाई. या लयीत पंजा परत येईपर्यंत ताल पुढे निघून जायचा. मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा चाफळकरांनी थाप थांबवली.

ते उठून माझ्याजवळ आले, माझी करंगळी हलकेच उलगडली आणि आठव्या फ्रेटवर टेकवली. ती अलगद तिथे पोचली. पंजा जागचा हललासुद्धा नाही.

"बघ. एवढंच आहे."

मी बघत राहिले. मग ते बोट दाबून पाहिलं. त्यात ताकदच नव्हती. तार नुसती खरखरली.

"तुझ्या वडलांनी हे कसं नाही सांगितलं?"

"त्यांना करंगळी नाही," मी म्हणाले. "कारखान्यात गेली."

चाफळकरांनी माझा हात सोडला. मग चाफळकर म्हणाले, "अरेरे. म्हणजे त्यांनी बिचाऱ्यांनी आपल्या हातावरून शिकवलं. त्यांचा काय दोष? हे बघ बाई, गाणं आहे तुझ्यात. एक वर्ष या बोटावर मेहनत घे आणि ये."

"आणि जागा?"

"जागा वर्षभर थांबत नाही. पंधरवड्यात सोलापूरला कार्यक्रम आहे."

गिटार पिशवीत घालताना माझ्या मनात स्वतःबद्दल काही नव्हतं. मला पप्पांची दया येत होती. त्यांना हे कळलं तर ते मोडून पडतील असं वाटत होतं. आपल्या तुटलेल्या बोटाने मुलीचीही वाट अडवली, हे ओझं घेऊन तो माणूस कसा जगेल? दारापर्यंत जाईतो मी ठरवून टाकलं की त्यांना कधी, काही झालं तरी, हे सांगायचं नाही.

बाहेरच्या बाकावर पप्पा आणि अमोस बसले होते. अमोस हा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पारधेसाहेबांचा मुलगा. पारधेसाहेब शाळेचे हेडमास्तर, मंडळीत वडील म्हणजे कारभारी पंच, त्यांच्या घरी इलेक्ट्रिक गिटार. म्हणून अमोसला शिकवायला पप्पा त्यांच्या बंगल्यावर जात. देवळात तो उपासनेला नुसते कॉर्ड धरायचा, मी त्याला घरं वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. पुण्याला तोही आपला सोबत आला होता. मला वाटलं होतं, सहलीला आल्यासारखा.

"काय झालं?" पप्पांनी विचारलं.

"नाही जमलं. हाताला घाम सुटला. घाबरले."

"जाऊ दे." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "देवाची इच्छा. वाईट वाटून घेऊ नकोस." मग वळून म्हणाले, "अमोस, हिची गिटार घे आणि जा तू. शांतपणे वाजव."

मी दारात उभी राहून ऐकत होते. खरं सांगायचं तर तोही आपटावा असं वाटत होतं. चाफळकरांनी तेच सांगितलं. ए मायनर, पाचही पोझिशन. अमोसच्या वाजवण्यात जीव नव्हता, कवायत केल्यासारखं चाललं होतं. मग दुप्पट लय आली आणि त्याची करंगळी पहिल्या घरात आठव्या फ्रेटवर पडली. पुढच्या तारेवर सातव्यावर तिसरं बोट, आणि दर वेळी आठव्यावर करंगळी, खिळा ठोकल्यासारखी. एकदाही चुकली नाही.

"वा," चाफळकर म्हणाले. "कुणाकडे शिकलास?"

"याकोबकाकांकडे. हे काय, बाहेर बसलेत."

चाफळकरांनी दाराकडे पाहिलं. मी तिथेच होते.

"करंगळी छान तयार केलीये त्यांनी," ते सावकाश म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून तिच्याच मागे लागलेत ते," अमोस हसत म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत. "म्हणतात, हिला आळशी ठेवलीस तर अर्धी गिटार मेली."

ढोलकीवाल्या म्हाताऱ्याने मान खाली घातली. आमच्या घरचं काहीतरी उघडं पडलं होतं आणि ते परक्यांना माझ्याआधी कळलं होतं.

परतीच्या एसटीत अमोस पुढच्या सीटवर होता. आनंदाने आधी बडबडला, मग झोपला. शिक्रापूर गेल्यावर मी पप्पांकडे वळले. त्यांचा डावा हात खिशात होता.

"अमोसला करंगळी सांगितलीत," मी म्हणाले.

ते दचकले नाहीत. बहुधा केव्हापासून वाट बघत असावेत.

"त्याच्या वडलांना त्याला बाहेर पाठवायचं होतं."

"आणि मला?"

"हळू बोल. गाडीत लोक आहेत."

"रिबीन का बांधलीत, पप्पा?"

त्यांनी खिशातला हात आणखी आत सारला. मग समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत बोलू लागले. "तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, खरंच. तुझं ते बोट समोर नाचायचं. मला बघवायचं नाही. बांधलं की आपले हात सारखे दिसायचे, शिकवायला बरं वाटायचं. मग तू भराभर पुढे गेलीस. पाचही घरं झाली. तेव्हा सांगायला हवं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"जाण्यासाठीच शिकत होते ना मी!"

"ऑर्केस्ट्रा मी बघितलाय, नाओमी. तू नाही. टेम्पोत सामानाबरोबर माणसं कोंबतात. लॉजवर उतरवतात. स्टेजवरच्या बाईला खालून काय ओरडतात आणि मागून काय बोलतात, ते मी तिथं उभं राहून ऐकलंय. माझी पोरगी तिथं उभी राहिलेली मला चालली नसती."

"मग तसं म्हणायचं. नाही म्हणायचं."

"तू ऐकलं असतंस? जन्मभर मला बोल लावला असतास." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "म्हटलं, त्यांनीच नको म्हणू दे. तुझंही समाधान होईल."

सकाळी निघताना याच माणसाने दारात माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. देवा, हिच्या बोटांना बळ दे, म्हणून. आईने डबा बांधून दिला होता, आणि जाताना माझ्याशी इतक्या दिवसांनी गोड बोलली होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. मी हात हलवत परत येणार हे घराच्या दारातच ठरलेलं होतं, आणि मी मात्र पाच घरं घोकत पुण्याला निघाले होते. आपल्याकडे गुरू हातचं राखून शिकवतात असं म्हणतात. पण बापाने पोरीचा केसाने गळा कापावा, आणि वर तिची समजूत काढावी, हे मी कुठे ऐकलं नव्हतं.

"तुम्ही मला गिटार शिकवायचीच नव्हती," मी म्हणाले.

"असं कसं? घरात, देवळात वाजवायला किती छान येतं तुला."

मी उठून मागच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर अमोससाठी उपकारस्तुतीची सभा ठेवली होती. पारधेसाहेबांनी सगळ्या मंडळीला चहा आणि खारी सांगितली होती. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, अमोसला हार घातला आणि मग याकोबमास्तरांना पुढे बोलावून खांद्यावर शाल घातली. पप्पा नवा सदरा घालून उभे होते, उजव्या हाताखाली डावा झाकून.

"आपल्या याकोबभाऊंचे दोन शिष्य," पाळकसाहेब म्हणाले. "एकाला प्रभूने जगात पाठवलं. दुसरीला त्याने आपल्या मंडळीच्या सेवेसाठी राखून ठेवलं. त्याची योजना आपल्याला कळत नाही, पण ती नेहमी चांगली असते. आमेन?"

"आमेन," सगळे म्हणाले. आईसुद्धा.

"तर नाओमी, ये, एक भजन वाजव."

मी उठले. गिटार घेऊन पुढे गेले. माईकसमोर खुर्ची मांडलेली होती, पण मी बसले नाही. मला काय करायचंय हे उठताना ठाऊक नव्हतं. पप्पांच्या खांद्यावरची ती शाल दिसली आणि ठाऊक झालं.

"आज गुरूंचा मान आहे," मी माईकवर म्हणाले. "पप्पांनी किती वर्षांत सगळ्यांसमोर वाजवलं नाही. आज त्यांनीच वाजवावं."

टाळ्या पडल्या. मंडळी खूश झाली. किती नम्र पोरगी, असं समोरच्या बाकावरच्या बायका एकमेकींना म्हणत असणार. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती. मी गिटार पुढे धरली होती आणि ती घ्यायला दोन हात लागतात.

ते खुर्चीवर बसले. डावा हात गळ्यावर आला. मंडळीतल्या लहान पोरांनी तो हात कधी नीट पाहिला नव्हता, ती बाकावर उभी राहून बघायला लागली. त्यांच्या आयांनी त्यांना खाली ओढलं.

भूपातलं भजन होतं. पहिली ओळ त्यांनी अशी वाजवली की देवळातली कुजबुज थांबली. तोच हात, तीच तीन बोटं, मला फरशीवर रडवणारी. दुसरी ओळही गेली. मग ध्रुपद संपून पुढच्या कडव्याकडे जाताना एक जलद तान होती, त्यांना सवयीनेच घ्यायचा मोह झाला असेल. ते पहिल्या घरात शिरले. तिसरं बोट ताणलं, पोचलं नाही. तार खरखरली. ते थांबले, पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथेच खरखर. स्टेजवर बसलेला अमोस अर्धवट उठला आणि बसला. तिसऱ्यांदा पप्पांनी प्रयत्न केला नाही. हात खिशात घातला आणि उठले.

लोकांनी आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. दयेच्या टाळ्यांचा आवाज वेगळा येतो, तो त्यांनीही ओळखला. मला वाईट वाटलं नाही. आज साठी उलटली, एका इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झाले, पप्पांना माती देऊन कितीतरी वर्षं झाली, आणि अमोसने दोन मोसमांत कंटाळून ऑर्केस्ट्रा सोडला आणि बँकेत चिकटला, हेही बघून झालं. तरी वाटत नाही.

घरी जाताना पप्पा पुढे चालत होते. खांद्यावर शाल तशीच होती. मागे मी आणि आई.

"भर मंडळीत बापाचा हात उघडा पाडलास," आई दातओठ खात म्हणाली. "लाज नाही वाटली?"

"माझा त्यांनी बांधून ठेवला होता. तेव्हा तुला वाटली?"

पप्पांनी ऐकलं होतं. ते थांबले नाहीत, वळले नाहीत, फक्त त्यांची चाल मंदावली, आणि आम्ही जवळ आल्यावर पाठमोरेच म्हणाले, "त्या जागेला करंगळीच लागते. दुसरं बोट चालत नाही."

अमोसला हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.